आधी काढायचं, मग लावायचं: १/३५ एमआय-३५ आणि रेझिनचे भाग

१/३५ स्केलमध्ये एमआय-३५ या लढाऊ हेलिकॉप्टरचं मॉडेल नाकापासून शेपटीपर्यंत अर्ध्या मीटरचं होतं. खऱ्या रोटरचा व्यास १७.३ मीटर, म्हणजे मॉडेलवर ४९ सेंटिमीटर. पुण्यातल्या टू बीएचकेच्या शोकेसमध्ये हे सहसा मावत नाही, म्हणून जागा आधी मोजा आणि किट नंतर मागवा.

एमआय-३५ ही सोव्हिएत एमआय-२४व्हीची निर्यातीसाठीची आवृत्ती. त्यामुळे भारतीय मॉडेलसाठी पाया म्हणून ट्रम्पेटर कंपनीचं १/३५ मधलं एमआय-२४व्ही चालतं. एमआय-२५ हा त्याआधीचा प्रकार, एमआय-२४डीवरून आलेला. श्रीलंकेत शांतिसेनेसोबत गेली ती एमआय-२५. २०१९च्या सप्टेंबरमध्ये पठाणकोटला १२५ स्क्वॉड्रनकडे अपाचे हेलिकॉप्टरं आली आणि तेव्हापासून इथल्या मॉडेलवाल्यांना एमआय-३५ करावंसं जास्त वाटू लागलं असावं, असा माझा अंदाज आहे.

रेझिनचे भाग म्हणजे किटमधल्या प्लास्टिकच्या भागांऐवजी बसवायचे, जास्त बारकावे असलेले सुटे भाग. ते मागवण्याआधी एकच हेलिकॉप्टर पक्कं करा. शेपटीवरचा झेडने सुरू होणारा क्रमांक वाचता येईल असे, एकाच काळातले फोटो जमवा. एक्झॉस्टवर उष्णता दडवणारे पेटीसारखे डबे आहेत की नळ्या उघड्या आहेत? इंजिनांच्या तोंडाशी धूळ अडवणारे फिल्टर आहेत का? पंखांखाली काय लटकतंय? कॉकपिट जुनं आहे की सुधारणा झालेलं? एवढं ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. रेझिनचा सेट ठरावीक कंपनीच्या ठरावीक किटसाठीच बनलेला असतो. ‘१/३५ एमआय-२४’ एवढंच वाचून मागवलेला सेट भलत्याच किटचा निघू शकतो, आणि परदेशी पार्सलवरची कस्टम ड्यूटी भरून झाली की परत पाठवायची सोय उरत नाही. सगळंच मागवायचीही गरज नाही. माझ्या मते क्रम असा: कॉकपिट, चाकं, एक्झॉस्ट, आणि झाकणं उघडी ठेवणार असाल तरच इंजिन. मालवाहू केबिनचा सेट शेवटी, कारण दारं उघडी ठेवली तरी त्यातलं निम्मं कुणाला दिसत नाही.

पार्सल आलं की पहिलं काम धुण्याचं. साच्यातून भाग सुटून यावा म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावलेलं असतं आणि त्याचा थर भागावर राहतो. तो दिसत नाही, पण रंग झाल्यावर मास्किंग टेप ओढली की त्याच जागचा रंग टेपबरोबर निघून येतो. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश, मग साधं पाणी आणि रात्रभर वाळवणं. हट्टी चिकटपणा राहिलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, पण अ‍ॅसिटोन आणि थिनर लांब ठेवा. बारीक भाग धुताना खाली चहाची गाळणी धरा, नाहीतर सीटचा एखादा लिव्हर मोरीतून थेट मुठा नदीत.

रेझिनचा प्रत्येक भाग एका जाड ठोकळ्याला चिकटलेला असतो. साच्यात रेझिन ओतायची ती वाट. हा ठोकळा कापणं म्हणजे अर्धं मॉडेलिंग. कटरने दाबून तोडायला गेलात तर कडेचा तुकडा उडतो, कारण रेझिन प्लास्टिकसारखं दबत नाही, ते फुटतं. बारीक दातांची रेझर सॉ घ्या, भागापासून अर्धा मिलिमीटर लांबून कापा आणि उरलेलं घासून काढा. घासायला जाड काच आणि वॉटर पेपर. बोहरी आळीत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात तो नंबरावर मिळतो. २२० ने सुरुवात, ४०० ने शेवट. कागद ओला करून काचेवर पसरला की चिकटून बसतो. भाग त्यावर फिरवताना चार-पाच फेऱ्यांनी हातात नव्वद अंश वळवत राहा. बोटाचा दाब एका बाजूला नेहमीच जास्त पडतो, आणि न वळवता घासलं तर तळ पाचरीसारखा उतरता होतो.

हे सगळं ओलंच घासायचं. रेझिनची पूड फुप्फुसासाठी वाईट असते आणि साधा रुमाल तिला अडवत नाही. छोट्या ड्रिल मशीनने कोरायचं असेल तर एन-९५ मास्क हवाच, पंखा बंद हवा आणि नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसायचं. झाडू अजिबात नको.

वाकडे आलेले भाग घाबरण्यासारखे नसतात. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात (उकळत्या नाही) मिनिटभर ठेवा, काचेवर सरळ दाबा आणि तसेच धरून गार पाण्यात बुडवा. पातळ भागांना त्याहून कमी वेळ पुरतो. आजकाल बरेच सेट थ्रीडी प्रिंटचे येतात. त्यांचं रेझिन वेगळं, प्रकाशाने पक्कं होणारं आणि जास्त ठिसूळ, त्यामुळे गरम पाण्याचा हा उपाय त्यांना लावू नका. त्यांचे आधाराचे खांबही एकेक करून, भागाला टेकू देत कापावे लागतात.

हवेचे बुडबुडे फुटून पडलेली भोकं फेविक्विक आणि टाल्कम पावडरच्या लगद्याने बुजतात. मात्र तो लगदा अर्ध्या तासाच्या आत घासायचा. दुसऱ्या दिवशी तो रेझिनपेक्षा कडक झालेला असतो. मग वॉटर पेपर बाजूचं मऊ रेझिन खातो आणि भरलेली जागा टेंगळासारखी वर राहते. प्लास्टिकच्या सांध्यावर हा प्रकार आणखी ठळक दिसतो.

आता कॉकपिट. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो द्यावाच. किटच्या प्लास्टिकची जाडी साधारण १.५ मिलिमीटर धरा. स्केलने गुणलं तर खऱ्या हेलिकॉप्टरचा पत्रा ५ सेंटिमीटरहून जाड असल्यासारखं झालं. त्याच्या आत रेझिनच्या दोन भिंती, प्रत्येकी मिलिमीटरभर तरी. एवढं सगळं त्याच रुंदीत बसवायचं, म्हणजे कुठून तरी काढायलाच हवं. न काढता दाबून बसवलं तर धडाचे दोन अर्धे खाली जुळतात आणि वर व्ही-सारखे उघडे राहतात. ती फट टेपने आवळून चिकटवली की काच बसत नाही, आणि तेव्हा मागे फिरायला वाट नसते.

काढायचं दोन्हीकडून. प्लास्टिकच्या आतल्या खुणा, पिना आणि कड्या आधी छिन्नीच्या पात्याने साफ करा. मग वक्र पात्याने किंवा ड्रिलच्या गोल बिटने आतून खरवडा. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर ठेवा, कारण वेग वाढला की प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळलं जातं. दर मिनिटाने थांबून भाग खिडकीसमोर धरा. करडं प्लास्टिक पातळ होत गेलं की त्यातून उजेड झिरपतो, आणि मागे बोट धरलं तर बोटाची सावली दिसते. सावलीची कड स्पष्ट दिसू लागली की थांबा, त्यापुढे बोटाच्या दाबानेच भोक पडतं. रेझिनच्या जमिनीलाही तळातून हीच परीक्षा. दाराच्या आणि खिडकीच्या कडांवर मात्र हा पातळपणा थेट कडेपर्यंत आणा, कारण वैमानिकाचं उजवं दार उघडं ठेवलं की बघणाऱ्याला सगळ्यात आधी कडेची जाडीच दिसते.

कॉकपिट कोरडंच, टेपवर, निदान तीन अवस्थांत जुळवून बघा: नुसतं एका अर्ध्यात, मग दोन्ही अर्धे मिटून, मग काचेसकट. तिसरी अवस्था लोक गाळतात. डॅशबोर्डवरचं झाकण रेझिनचं असतं तेव्हा ते किटपेक्षा मिलिमीटरभर उंच निघतं आणि काच त्यावर टेकून तरंगते. काचेच्या आतल्या बाजूला ओला लाल रंग लावून टेकवा; जिथे लागतो तिथे ठिपका उठतो, तेवढंच घासा. एमआय-३५ मध्ये पुढे नेमबाज आणि मागे उंचावर वैमानिक असे दोन कप्पे आहेत, म्हणजे ही कसरत दोनदा. जुन्या कॉकपिटचा रंग सोव्हिएत पद्धतीचा निळसर हिरवा, फिरोजीकडे झुकणारा. बाटलीतल्यापेक्षा थोडा फिका करा, बंद कप्प्यात रंग गडदच दिसतो.

चिकटवण्याबद्दल. प्लास्टिकचं सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा करतं, रेझिनवर ते काहीच करत नाही. रेझिनला फेविक्विक किंवा अ‍ॅरल्डाइट. लहान भागाला पहिलं, मोठ्या आणि ओझ्याच्या भागाला दुसरं. कॉकपिटचा टब (जमीन आणि भिंतींचा जोडलेला भाग) मी नेहमी अ‍ॅरल्डाइटनेच बसवा म्हणेन, कारण धड मिटेपर्यंत त्याला सरकवायला वेळ मिळतो. फेविक्विकचा सांधा ओढ सहन करतो, पण आडवा धक्का बसला की सुटतो. म्हणून चाकाचे पाय, पंखांखालचे हुक, शेपटीचा रोटर या सगळ्यांना ०.८ ते १ मिलिमीटरची पितळी पिन हवी. दोन्हीकडची भोकं समोरासमोर यावीत यासाठी एका बाजूला पिन लावून तिच्या टोकाला रंग लावा आणि दुसऱ्या बाजूवर टेकवा. ठिपका पडेल तिथेच भोक.

फेविक्विकची वाफ काचेची वैरी आहे. बंद कप्प्यात ती कोंडली की काचेवर आतून पांढरा थर बसतो आणि तो पुसायला हात पोचत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात, दमट हवेत, हे जास्त होतं. शेवटचं फेविक्विक लावल्यानंतर पूर्ण एक दिवस कॉकपिट उघडं ठेवा आणि काच पांढऱ्या फेव्हिकॉलने बसवा. तो वाळून पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या काडीने निघतो.

आता वजन, म्हणजे मॉडेल शेपटीवर बसण्याचा प्रश्न. रेझिन प्लास्टिकपेक्षा फार जड असतं हा गैरसमज आहे. घनता जवळपास सारखीच, पण रेझिनचे भाग भरीव आणि प्लास्टिकचे पोकळ, फरक तिथे पडतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांच्या आसपास येतात, पण लांब शेपटी, तिच्या टोकाचा गिअरबॉक्स आणि तीन पात्यांचा रोटर ही सगळी मागची ओढ. हिशेब तराजूचाच. समजा रेझिनसकट मॉडेल ६०० ग्रॅमचं आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या १५ मिलिमीटर मागे पडतोय. नाकात, चाकांपासून १८० मिलिमीटर पुढे, ५० ग्रॅम शिसं ठेवलं की तोल बरोबर समान होतो. नाकाचं चाक घट्ट टेकायला ७०-८० ग्रॅम धरा. तेच शिसं केबिनच्या पुढच्या भिंतीशी, फक्त ६० मिलिमीटरवर ठेवलं तर नुसता तोल साधायलाच १५० ग्रॅम लागतं. म्हणून जितकं पुढे तितकं बरं. पण एमआय-३५ चं नाक म्हणजे काच आणि खाली मशीनगनचा घुमट, जागा जवळजवळ नाहीच. नेमबाजाच्या जमिनीखालची पोकळी आणि नाकाच्या चाकाच्या कप्प्याच्या दोन्ही बाजू, एवढंच हाताशी. कॉकपिटचा तळ किती घासायचा हे ठरवताना ही जागाही मोजा.

शिसं बसवायला फेव्हिकॉल वापरू नका. त्यातल्या आम्लाने शिसं हळूहळू गंजतं, फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी सांधा आतून उकलतो. अ‍ॅरल्डाइटच. आणि शिसं हाताळून झालं की जेवणाआधी हात साबणाने धुवा.

वजन वाढलं की चाकांच्या पायांवर ताण. रेझिनचे पाय घेऊ नयेत, मग ते दिसायला कितीही बारीक असोत. सततच्या ओझ्याखाली रेझिन सावकाश वाकत जातं आणि उन्हाळ्यात लवकर वाकतं. धातूचे पाय मिळाले तर उत्तम, नाहीतर किटच्याच पायांत पितळी तार घाला. चाकं मात्र रेझिनचीच घ्या. दबलेल्या टायरचा फुगवटा त्यांत छान उतरलेला असतो. फक्त दबलेली सपाट बाजू जमिनीला समांतर यायला हवी. पाय आणि चाकं काचेवर उभी करूनच शेवटचा सांधा वाळू द्या.

इथेच या हेलिकॉप्टरची एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या रोटरचा दांडा धडाच्या तुलनेत २.५ अंश उजवीकडे कललेला आहे. जमिनीवर उभं असताना रोटर सपाट राहावा अशी चाकांची रचना, त्यामुळे धड किंचित डावीकडे झुकलेलं दिसतं. हे मॉडेलवर दिसलं की ‘वाकडं झालं’ म्हणून पाय घासायला घेणारे कमी नाहीत. समोरून घेतलेला खऱ्या हेलिकॉप्टरचा फोटो टेबलाजवळ लावून ठेवा.

इंजिन उघडं ठेवायचं तर एकाच बाजूचं ठेवा. दोन्हीकडची झाकणं कापली की वरचं छप्पर टेकायला काही राहत नाही आणि धडाची रेषा खाली दबते. टीव्ही३-११७ इंजिनाभोवती नळ्यांचं जाळं असतं. रेझिनमध्ये मोठ्या नळ्या येतात, बारीक तुम्हालाच घालाव्या लागतात. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार स्केलमध्ये १०.५ मिलिमीटरची नळी होते, अगदी पटण्यासारखी. तपकीर गल्लीत ती वजनावर मिळते. तार वाकवण्याआधी गॅसवर क्षणभर तापवून गार केली की मऊ पडते. इनॅमलचा थर जळतो तेव्हा खिडकी उघडी असू द्या.

नाकाखालच्या घुमटातल्या चार नळ्यांच्या १२.७ मिलिमीटर मशीनगनसाठी इंजेक्शनच्या सुया वापरा. १२.७ ला ३५ ने भागलं की ०.३६. २३ गेजची सुई आतून ०.३४ आणि बाहेरून ०.६४ मिलिमीटर असते, म्हणजे याहून जवळचं काही मेडिकलच्या दुकानात मिळणार नाही. सुई पक्कडीने तोडली तर तोंड चपटं होतं. पातळ कटिंग डिस्कने सावकाश फिरवत कापा, डोळ्यांवर चष्मा हवा.

धड मिटताना सांधा एका दमात करू नका. नाकापासून सुरुवात, चार-पाच सेंटिमीटर, तो धरला की पुढचे. शेपटीच्या आत प्लास्टिक शीटच्या पट्ट्या आलटून-पालटून लावल्या की दोन्ही बाजू एका पातळीत राहतात. घासताना सांध्याच्या दोन्हीकडे मास्किंग टेपचे दोन थर लावा, नाहीतर उठावदार रिव्हेट सपाट होतात. गेलेले रिव्हेट परत आणायला रेझिनच्या ठिपक्यांचे डिकल (पाण्यात भिजवून लावायचे पातळ स्टिकर) मिळतात. ते प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, आधी लावायचे.

रंगाबद्दल थोडक्यात. रेझिनवर प्रायमर लागतोच. करडा प्रायमर मारला की आधी न दिसलेले ओरखडे आणि बुडबुडे दिसतात, म्हणून तो दोनदा मारायची तयारी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा इतकी दमट असते की लॅकर मारल्यावर पृष्ठभाग पांढुरका पडतो. पावसाच्या सरी चालू असताना लॅकर मारूच नका. एप्रिल-मेमध्ये उलटं, रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी लवकर काम करा, रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर घाला, एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं यंत्र) जवळ धरा. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला. तो प्लास्टिकवर ओला पडला की रेषा वितळतात. डिकलखाली चकचकीत थर द्या आणि रिव्हेटवर डिकल मऊ करणारं सॉफ्टनर दोनदा लावा. हवाई दलाच्या चक्रात केशरी बाहेर, हिरवा मध्ये. लावताना उलटसुलटचा प्रश्न येत नाही, पण तिरंगी पट्टीची दिशा फोटोवरून तपासा.

शेवटी रोटर. पाच पाती, दोन पात्यांत ७२ अंश. रशियन पद्धतीने तो वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे पात्याची जाड, गोल कड त्या दिशेला हवी. पाचही पाती उलटी बसवलेली मॉडेलं दिसतात. थांबलेल्या रोटरची पाती आपल्या वजनाने खाली वाकतात. हा वाक एका जागी मोडल्यासारखा नसावा. मुळापासून हळूहळू सुरू होऊन टोकाकडे उतार वाढत जायला हवा. पुठ्ठ्यावर वक्र काढून कापा, प्लास्टिकची पाती गरम पाण्यातून काढून त्यावर दाबा आणि पाचही पाती त्याच एका पुठ्ठ्यावर तपासा. रेझिनची पाती आधीच वाकलेली येतात, पण त्यांच्या मुळात पिन घातल्याशिवाय ती हबला, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या भागाला, लावू नका.

रोटर दांड्याला चिकटवू नका. दांड्यात पितळी नळी आणि हबखाली तिच्यात सरकणारी बारीक नळी बसवा, म्हणजे तो उचलून वेगळा ठेवता येतो. प्रदर्शनाला न्यायचं झालं तर रोटर सपाट डब्यात, आणि धड फोमच्या खाचेत पोटावर टेकवून, चाकं अधांतरी. दुचाकीवरून न्यायचं असेल तर डबा मागच्याच्या मांडीवर द्या, कॅरिअरला बांधू नका. सिंहगड रोडचे खड्डे अ‍ॅरल्डाइटचा सांधाही उखडतात.